पुढचं पाठ, मागचं सपाट : 'ऑनलाइन लर्निंग' या एका नावाची दोन संशोधनं



आजच्या विषयाच्या नावातच एक गोम आहे, ती आधी सांगून टाकतो. 'ऑनलाइन लर्निंग' हे दोन शब्द शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांसमोर उच्चारले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइल, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि लॉकडाऊनमधले वर्ग उभे राहतात. हेच दोन शब्द संगणकीय दृष्टीवर काम करणाऱ्या माणसासमोर उच्चारून बघा. संगणकीय दृष्टी म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं चित्र यंत्राला कळावं, यासाठीचं शास्त्र. या माणसाला इंटरनेट आठवणारही नाही. त्याच्या लेखी ऑनलाइन लर्निंग म्हणजे यंत्रानं एकेक उदाहरण येईल तसं, चालता चालता शिकणं. चित्र आलं, यंत्रानं अंदाज केला, अंदाज चुकला, थोडी दुरुस्ती केली, पुढचं चित्र घेतलं. गेलेलं चित्र गेलं, ते पुन्हा मिळेलच असं नाही.

नाव एक आणि अर्थ दोन, असं भाषेत पुष्कळदा होतं. 'कर' म्हणजे हातही आणि टॅक्सही, म्हणून कुणी त्यावर व्याख्यान देत नाही. मग आम्ही का देतोय? कारण आमच्या मते हा नुसता नावाचा योगायोग नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : जे ज्ञान प्रवाहासारखं समोरून जातं, त्यातून शिकणाऱ्यापाशी शेवटी उरतं काय? दोन्हीकडच्या संशोधनाला जडलेली दुखणीही बरीचशी सारखी आहेत. आणि गेल्या काही वर्षांत ही दोन्ही घरं एका ठिकाणी भेटली आहेत : विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यात. ही भेट आम्हाला काळजीची वाटते. म्हणून आज या संशोधनाची थोडी झाडाझडती.

सुरुवात यंत्राच्या घरातून करू, कारण ते घर जुनं आहे. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 'परसेप्ट्रॉन' नावाची कल्पना मांडली. पुढे तिचं प्रत्यक्ष यंत्र बांधलं गेलं. २० बाय २० अशा मांडणीत बसवलेले ४०० प्रकाशसंवेदक, हा त्याचा डोळा. त्याच्यापुढे आकृती धरायची, त्यानं उत्तर द्यायचं, उत्तर चुकलं तर आतले आकडे जरा हलवायचे. उत्तर बरोबर आलं तर काही करायचं नाही. म्हणजे चुकीतूनच शिकायचं, आणि तेही एका वेळी एका उदाहरणावरून. आता गंमत बघा. हे यंत्र 'ऑनलाइन' शिकत होतं, त्याचा विषय पाहणं हा होता आणि ते सुचलं एका मानसशास्त्रज्ञाला. थोडक्यात, ही दोन्ही बिऱ्हाडं मुळात एकाच वाड्यातली. पुढे वाटण्या झाल्या आणि एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं.

आता शिक्षणाच्या घरात येऊ. इथल्या संशोधनानं फार मोठा काळ एकाच प्रश्नात घालवला : वर्गात बसून शिकणं चांगलं, की दुरून, यंत्राच्या मदतीनं शिकणं चांगलं? १९९९ साली थॉमस रसेल यांनी या प्रश्नावरचे ३५५ अभ्यास एका पुस्तकात गोळा केले. त्यांच्या पुस्तकाचं नावच सांगतं की लक्षात घेण्याजोगा फरक काही सापडत नाही. रेडिओ, टीव्ही, व्हिडिओ, संगणक, सगळं येऊन गेलं, निकाल साधारण तोच.

त्याच्या आधी, १९८३ साली रिचर्ड क्लार्क यांनी याचं कारण सांगून ठेवलं होतं. त्यांचा दाखला असा : किराणा घेऊन येणारा ट्रक बदलल्यानं घरातल्यांचं पोषण बदलत नाही. माध्यम हा ट्रक आहे. शिकणं होतं ते शिकवण्याच्या पद्धतीनं. रॉबर्ट कोझमा यांनी यावर आक्षेप घेतला की काही गोष्टी त्या-त्या माध्यमातच शक्य होतात, ट्रकचा दाखला तिथे लागू पडत नाही. हा वाद वाचण्यासारखा आहे, पण आमचा मुद्दा वेगळा आहे. 'फरक नाही' हा निष्कर्ष संशोधकाच्या टेबलावर निरुपद्रवी असतो. तोच कारभाऱ्याच्या टेबलावर गेला की त्याचा अर्थ होतो, 'मग स्वस्त पडेल ते घ्या'. सरासरीत फरक नाही, याचा अर्थ प्रत्येकाला फरक पडत नाही असा होत नाही. घरी शांत खोली, चांगलं नेट आणि विचारायला शिकलेली आई असलेल्या मुलाला फरक पडत नसेल. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्यासाठी शाळेची चार भिंतींची खोली हीच मोठी सोय असते. सरासरी काढली की ही दोन्ही मुलं एका आकड्यात विरघळतात.

२०१० साली अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं एक मोठा अहवाल काढला. १९९६ ते २००८ या काळातले हजाराहून जास्त अभ्यास त्यांनी चाळले. नीट तुलना केलेली, हिशोबात घेता येतील अशी निष्पत्ती निघाली फक्त ५०. निष्कर्ष असा आला की ऑनलाइन शिकणारे थोडे पुढे, आणि वर्ग अधिक ऑनलाइन अशी सरमिसळ असेल तर आणखी पुढे. हा निष्कर्ष जगभर मिरवला गेला. पण त्याच अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. एक, शाळकरी मुलांवरचे अभ्यास यात फारच थोडे आहेत. दोन, ज्या गटांना जास्त फायदा दिसला, त्यांना बहुतेक वेळा जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालं होतं. म्हणजे पोळी कोणत्या तव्यावर भाजली याची चर्चा चालू, आणि एकाला दोन पोळ्या जास्त वाढल्यात हे कुणी बोलत नाही! दहा वर्षांनी साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा हाच अहवाल शाळकरी मुलांसाठी आधार म्हणून पुढे केला जाऊ लागला. अहवाल लिहिणाऱ्यांनी सावध केलं होतं. वाचणाऱ्यांनी सारांशापुढे पान उलटलं नाही.

मधल्या काळात आणखी एक लाट आली. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांना फुकट खुला केला. सुमारे एक लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. अशा खुल्या, प्रचंड अभ्यासक्रमांना जे इंग्रजी संक्षिप्त नाव मिळालं, ते मराठीत लिहिलं की 'मूक' होतं. हसू नका, नाव अगदी चपखल आहे. इथे एक बोलतो आणि लाखभर मूकपणे ऐकतात. ऐकतात तरी का? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएन्ते यांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशोब मांडला. एक कोटी २६ लाखांहून जास्त नोंदण्या. त्यातल्या ५२ टक्के लोकांनी नाव नोंदवल्यावर अभ्यासक्रमाचं दार उघडूनसुद्धा पाहिलं नाही. २०१७-१८ साली पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३.१३ टक्के.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, आणि ते खोटं नाही. कितीतरी लोक नुसतं डोकावायला येतात, त्यांना नापास कसं म्हणायचं? पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत पूर्ण करणारे ४६ टक्के होते. मान्य. पण मग उलटा प्रश्न उभा राहतो. जो पैसे भरतो तो टिकतो, हे तर आमच्या गल्लीतल्या क्लासवाल्यालाही ठाऊक आहे. मूळ आश्वासन काय होतं? ज्याच्यापर्यंत विद्यापीठ पोचत नाही, त्याच्यापर्यंत पोचू. त्याच लेखात दिसतं की नोंदण्यांतली वाढ मुख्यतः जगातल्या सुस्थितीतल्या देशांत झाली. या आश्वासनाचं काय झालं, हा प्रश्न 'पूर्ण केलं की नाही' या मापानं मोजताच येत नाही.

आपल्याकडेही हे दूरचं प्रकरण राहिलेलं नाही. 'स्वयम्' हे सरकारी व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. २०२१ च्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम अशा ऑनलाइन मार्गानं घेता येतात. म्हणजे पदवीचा मोठा वाटा या संशोधनाच्या भरवशावर उभा राहू शकतो. आणि शाळांचं म्हणाल, तर 'असर'च्या २०२० सालच्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण दोन वर्षांत ३६.५ वरून ६१.८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. ऐकून बरं वाटतं. पण त्याच पाहणीत, विचारलेल्या आठवड्यात शाळेकडून कसलंही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं होती साधारण एक तृतीयांश. शिवाय घरात फोन आहे आणि फोन मुलाच्या हातात आहे, यातही अंतर आहे. फोन वडिलांबरोबर कामावर जातो. ट्रक विकत घेतला, पण किराणा आला नाही, अशातली ही गत.

आता पुन्हा यंत्रांकडे. कॅमेऱ्यातल्या एका वस्तूचा माग काढत राहणं, हा संगणकीय दृष्टीतला जुना प्रश्न. पहिल्या चौकटीत सांगायचं, 'हा माणूस, याच्यावर नजर ठेव'. माणूस वळतो, सावलीत जातो, त्याचं दिसणं बदलतं. म्हणून यंत्रानं चालता चालता शिकत राहायला हवं. इथेच घोटाळा होतो. माणूस क्षणभर खांबाआड जातो. यंत्राला वाटतं, माणसाचं रूप बदललं. ते खांबाचं रूप शिकतं. माणूस पलीकडून निघून जातो आणि यंत्र खांबालाच माणूस समजून नजर लावून बसतं. याला ते लोक 'ड्रिफ्ट' म्हणतात, आपण भरकटणं म्हणू. यंत्र स्वतःच्याच उत्तरांवरून शिकतं, म्हणून एक छोटी चूक पुढच्या सगळ्या शिकण्याचा पाया होऊन बसते.

यावर २०१० च्या सुमारास झडेनेक कालाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर तोड काढली. दोन 'परीक्षक' ठेवायचे. एकानं फक्त सुटलेलं शोधायचं, दुसऱ्यानं फक्त खोटं पकडलेलं शोधायचं. दोघंही चुकतात, पण एकमेकांच्या चुका भरून काढतात. पुढे २०१६ साली ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी निराळाच रस्ता धरला : माग काढताना शिकायचंच नाही! सगळं शिकणं आधी उरकून घ्यायचं, मग नुसती पहिल्या चित्राशी तुलना. व्हिडिओच्या वेगापेक्षा भरभर हे चालायचं आणि अचूकतेतही चांगल्या-चांगल्यांच्या पंगतीत बसायचं. त्याच वर्षी चालता चालता शिकणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीनं अचूकतेत बाजी मारली, पण तिला सेकंदाला जेमतेम एक चौकट झेपायची. म्हणजे शिकत राहावं तर वेळ जातो आणि भरकटण्याची भीती. न शिकावं तर बदलत्या जगात मागे पडण्याची भीती. हा पेच या लोकांनी लपवला नाही, आकड्यांत मांडला, हे त्यांचं मोठेपण.

दुसरा पेच विसरण्याचा. १९८९ साली मायकेल मॅक्लोस्की आणि नील कोहेन यांनी दाखवलं की कृत्रिम मज्जाजालाला आधी एक गोष्ट शिकवली आणि मग दुसरी शिकवली, तर दुसरी शिकताना ते पहिली जवळजवळ पुसून टाकतं. याला शास्त्रीय नाव भारदस्त आहे, विनाशक विस्मरण. आपल्याकडे शाळेतल्या गुरुजींनी त्याचं वर्णन कधीच करून ठेवलंय : पुढचं पाठ, मागचं सपाट. आणि त्यावरचा उपायही त्यांनाच ठाऊक होता : उजळणी. यंत्रांच्या जगातही सगळ्यांत भरवशाचा उपाय तोच निघाला. जुन्या चित्रांतली थोडी जपून ठेवायची आणि नव्याबरोबर पुन्हा पुन्हा दाखवायची.

इथून मात्र टीकेची जागा सुरू होते. या विषयावर गेल्या आठ-दहा वर्षांत शोधनिबंधांचा पूर आला. त्यातले बरेचसे निबंध एका ठरावीक खेळावर बेतलेले : दहा प्रकारच्या वस्तूंची छोटी चित्रं घ्यायची, दोन-दोन प्रकारांचे पाच गट पाडायचे, आणि यंत्राला गटागटानं शिकवायचं. आधी विमानं आणि मोटारी, मग पक्षी आणि मांजरं. ते संपले की पुन्हा कधी दिसायचे नाहीत. असं जग कुठे असतं? रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात सोमवारी फक्त मोटारी आणि मंगळवारी फक्त मांजरं येतात का?

२०२० साली तीन संशोधकांनी या पुराला बांध घातला. त्यांच्या पद्धतीचं नाव 'जीडम्ब'. अर्धं थट्टेतलं आहे, त्याचा भाव असा : हावरटासारखं साठवणारा आणि ठोंब्यासारखा शिकणारा. ही पद्धत प्रवाह वाहताना काही शिकतच नाही. जागा असेल तितकी चित्रं, सगळ्या प्रकारांची सारखी, डब्यात भरून ठेवते. परीक्षा आली की कोऱ्या पाटीनं बसते आणि डब्यातल्या चित्रांवरून रात्रभरात सगळा अभ्यास करते. कितीतरी मोठमोठ्या पद्धतींना या ठोंब्यानं त्यांच्याच आखाड्यात हरवलं. म्हणजे इतकी वर्षं जे 'सतत शिकणं' म्हणून मोजलं जात होतं, ती परीक्षा आदल्या रात्री घोकून पास होता येण्यासारखी होती!

२०२३ मध्ये याहून मासलेवाईक गोष्ट समोर आली. आधीच्या टीकेनंतर अधिक खरीखुरी मोजपट्टी वापरात येत होती : लाखो छायाचित्रं जशी काळाच्या ओघात काढली गेली तशी द्यायची, आणि प्रत्येक नवं चित्र शिकण्याआधी त्यावर अंदाज विचारायचा. ऐकायला अगदी रास्त. पण एका गटानं दाखवलं की या मोजपट्टीवर चित्राकडे मुळीच न पाहणारं, आंधळं यंत्रसुद्धा नवल वाटावं इतके गुण मिळवू शकतं. कसं? माणूस एका ठिकाणी गेला की एकापाठोपाठ दहा फोटो काढतो. म्हणून मागच्या फोटोचं जे उत्तर होतं तेच पुढच्याला ठोकून द्यायचं. शेजाऱ्याच्या पेपरवरून उतरवणारा मुलगा आणि हे यंत्र यांत फरक एवढाच की हे स्वतःचाच मागचा पेपर उतरवतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं आणखी एक हवा काढली. प्रवाह यंत्रासाठी थांबत नाही, हे गृहीत धरून मोजलं, तर जास्त हुशार म्हणून गाजलेल्या, पण वेळखाऊ पद्धती साध्या उजळणीपुढे मागे पडतात.

हे आम्ही इतक्या तपशिलात का सांगतोय? कारण आमच्या मते या घराची ही खरी कमाई आहे. त्यांनी स्वतःच्या मोजपट्टीवर संशय घेतला. 'ठोंब्याला इथे किती गुण पडतील?' आणि 'आंधळ्याला किती पडतील?' हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःच्याच कामाला विचारले आणि निकाल छापले. शिक्षणाच्या घरात हे प्रश्न इतक्या निष्ठुरपणे क्वचित विचारले जातात. व्हिडिओ लावून स्वयंपाकघरात गेलेल्या विद्यार्थ्याला 'पाहिलं' म्हणून किती श्रेय मिळतं? पर्याय नुसते टिचकी मारून बदलत बसलं तर प्रश्नमंजूषा किती वेळात सुटते? अभ्यासक्रम विकत घेण्याआधी हे आकडे मागितले पाहिजेत.

पण यंत्रवाल्यांनाच हार घालून आम्ही थांबणार नाही, कारण आता येतो दोन्ही घरांतला सगळ्यांत विचित्र विरोधाभास. विद्यार्थ्याला काय येतं याचा अंदाज करणारी गणितं शिक्षणाच्या घरात आहेत. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध १९९५ साली अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी मांडलं. त्यात चार आकडे असतात : आधीपासून येत असण्याची शक्यता, नव्यानं शिकण्याची शक्यता, न येता अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता आणि येत असून चुकण्याची शक्यता. पाचवा आकडा, म्हणजे शिकलेलं विसरण्याची शक्यता? तो त्याच्या मूळ रूपात शून्य धरलेला आहे. एकदा आलं की आलं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता, तरीसुद्धा!

बघा कसं आहे. यंत्रांचा अभ्यास करणारे रात्रंदिवस विस्मरणाची चिंता करतात. माणसांच्या मुलांचा हिशोब ठेवणारं गणित मात्र धरून चालतं की मूल विसरतच नाही. २०१५ साली खोल मज्जाजालं वापरून विद्यार्थ्याचा अंदाज करणारी नवी पद्धत आली आणि जुन्यापेक्षा पुष्कळ सरस म्हणून गाजली. पुढच्याच वर्षी मोहम्मद खजाह, रॉबर्ट लिंडसे आणि मायकेल मोझर यांनी जुन्या गणितात थोड्या गोष्टी घातल्या, त्यातली एक म्हणजे विसरण्याची मुभा. जुनं गणित नव्याच्या तोडीस तोड उतरलं. मोठ्या यंत्राची गरज नव्हती. मूल विसरतं एवढं कबूल करायची गरज होती.

आणि आता ती भेट. ऑनलाइन वर्गात शिक्षकाला चेहरे नीट दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे. उपाय म्हणून सुचवलं गेलं की कॅमेऱ्यानं चेहरा वाचावा आणि सांगावं : हा कंटाळलाय, हा गोंधळलाय, हा रमलाय. यासाठी संशोधकांना चित्रांचा साठा लागतो. आपल्याकडे आयआयटी हैदराबादमध्ये असा एक साठा तयार झाला, 'डेझी' नावाचा, आणि जगभर वापरला गेला. ११२ जण, ९०६८ छोट्या चित्रफिती. प्रत्येक फितीला कंटाळा, गोंधळ, रमणं आणि वैताग यांच्या चार-चार पायऱ्या. या पायऱ्या ठरवल्या दुसऱ्यांनी, चित्रफीत पाहून. त्या तज्ज्ञांच्या मताशी ताडूनही पाहिल्या. काम प्रामाणिक आहे, साठा खुला आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी शक्य होते. रमण्याच्या चार पायऱ्यांमध्ये सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या फिती शंभरसुद्धा नाहीत. बहुतेक सगळ्या वरच्या दोन पायऱ्यांवर आहेत. मग आपला ठोंब्या इथे काय करेल? डोळे मिटून प्रत्येक वेळी 'रमलाय' म्हणेल आणि चांगले गुण मिळवेल. ज्या मुलाला मदत हवी आहे, तेच नेमकं त्याच्या नजरेतून सुटेल.

दुसरी अडचण याहून खोल आहे. चेहऱ्यावरून आतलं कळतं, हे गृहीतकच डळमळीत आहे. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त अभ्यास तपासून दाखवलं की एकच भावना वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या तऱ्हेनं दाखवतात, आणि कपाळावरची एकच आठी अनेक गोष्टींची असू शकते. गणित सोडवताना भुवया आक्रसलेलं मूल वैतागलेलं असेल किंवा अगदी रंगून गेलेलं असेल. शिवाय गोंधळ म्हणजे वाईटच, हेही खरं नाही. सिडनी डिमेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की योग्य तऱ्हेनं पडलेला आणि सुटलेला गोंधळ शिकण्याला मदत करतो. चांगला शिक्षक मुलाला मुद्दाम गोंधळात टाकतो. मग कॅमेऱ्यानं 'गोंधळ' असा लाल दिवा दाखवला, तर तो शिक्षकाचा अपराध म्हणायचा की यश?

२०१८ साली चीनमधल्या हांगझोऊच्या एका शाळेत वर्गातल्या मुलांचे चेहरे ठरावीक वेळानं टिपून त्यांचे भाव नोंदवणारी यंत्रणा बसवल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, तो चीन आहे. युरोपीय संघाला मात्र हे दूरचं वाटलं नाही. त्यांच्या २०२४ च्या कायद्यानं शाळा-कॉलेजात आणि कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी घातली आणि ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मुलांचा माग काढणं आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. पण काहींना त्यातून वगळण्याची मुभा सरकारला त्याच कलमात ठेवलेली आहे. दार बंद आहे, कडी मात्र हातात घेऊन कुणी उभं आहे. म्हणून आपण जागं असलं पाहिजे.

या भेटीत दुर्दैव असं की दोन्ही घरांनी आपापलं उणं एकमेकांना दिलं आणि अधिक घरीच ठेवलं. शिक्षणानं 'समोर बसला म्हणजे शिकला' ही हजेरीपटाची समजूत दिली. संगणकीय दृष्टीनं 'लेबल आहे म्हणजे सत्य आहे' ही सवय दिली. शिक्षकाला गोंधळाची किंमत कळते आणि यंत्रवाल्याला ठोंब्याची कसोटी घ्यावी लागते, ही दोन्हीकडची खरी शिदोरी मात्र कुणी सोबत आणलीच नाही. भरकटलेल्या यंत्राला खांब माणूस वाटतो, यावर आपण हसलो. कॅमेऱ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघून विचार करणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून नोंदवलं, तर तिथे हसण्यासारखं काय आहे? आणि ती नोंद पुढच्या इयत्तेत त्याच्या आधी पोचली, तर शिक्षक त्याच्याकडे त्याच नजरेनं बघणार. ही एक चूक पुढच्या सगळ्या शिकण्याचा पाया होऊन बसेल. भरकटणं म्हणतात ते यालाच.

आमचं मागणं फार नाही. यंत्रं नकोत, ऑनलाइन शिक्षण नको, असं आम्ही म्हणत नाही. दुर्गम गावातल्या एखाद्या मुलीला त्या फोनवरच पहिल्यांदा चांगला गणिताचा शिक्षक भेटला असेल, आणि तिच्यापासून तो काढून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. पण असं संशोधन दाखवून कुणी तुमच्या शाळेला, कॉलेजला काही विकायला आलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. पहिला : या मोजपट्टीवर काहीच न शिकणाऱ्याला किती गुण पडतात? दुसरा : सहा महिन्यांनी काय उरतं, ते मोजलंय का, की फक्त त्याच दिवशी? तिसरा : हिशोब कुणाचा आहे? टिकलेल्यांचाच, की सोडून गेलेल्यांचाही? तिन्ही प्रश्न विचारायला शास्त्राची पदवी लागत नाही. पालकसभेत कुणीही उभं राहून विचारू शकतं.

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर आमचा सगळ्यांत जास्त भर आहे. यंत्र विसरू नये म्हणून जगातली उत्तम डोकी झटत आहेत. तितकीच काळजी मुलांच्या विसरण्याची घेतली जावी, त्यांच्या वेळापत्रकात उजळणीला जागा असावी आणि गुणपत्रिकेत तिची नोंद असावी, एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

आता प्रश्न विचारा. मूक राहू नका.